बाटलीतली साखर

सन एकोणीसशे शहात्तर. माझं वय एक्केचाळीस, हुद्दा हवालदार, नेमणूक शिराळ्याला. पुढं मी फौजदार होऊन निवृत्त झालो. खून बघितले, दरोडे बघितले, विहिरीतून माणसं काढली. तरी म्हातारपणी एकटा बसलो की मनात येते ती ही केस, आणि गंमत अशी की हिच्यात गुन्हाच नव्हता. गंमत म्हणायची सवय म्हणून म्हटलं. गंमत त्यात काही नाही.

नाव-गाव कोणाचं लिहिणार नाही. त्या घरातली माणसं अजून आहेत.

माझी शाळा चौथीपर्यंत. माझं अक्षर बघून साहेब लोक हसायचे. हसू देत. माझा पंचनामा कोर्टात कधी फुटला नाही, आणि मला जे पटलं नाही त्याच्यावर मी कधी सही केली नाही. यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, बदल्या सोसल्या. त्याचं मला काही वाटत नाही.

शिराळ्याची नागपंचमी म्हणजे आम्हा पोलिसांचं कंबरडं मोडायचा दिवस. त्या वर्षीचा बंदोबस्त पार पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यातले बांबू सोडवत होतो. तेवढ्यात एक बाई पायांवरच्या चिखलासकट तडक ठाण्यात शिरली. तिशीची असेल. डोळे लाल, पण रडत नव्हती.

"हवालदार कोन हाय हितं?"

"मी. बसा. पाणी प्या आधी."

"पानी न्हाई पीत. पयलं लिवून घ्या. माझ्या आबाला माझ्या वैनीनं मारलं. इख घालून मारलं."

आमचा एक शिपाई बांबू वाहत होता, तो दारातूनच म्हणाला, "घ्या हवालदार! नाग पेटाऱ्यात गेलं, आता हे काढा."

मी त्याच्याकडं असं बघितलं की तो बांबूसकट पुढं गेला.

बाईचं सासर मलकापूरला. पंचमीला माहेरी आली होती, सणाच्या चार दिवस आधी. माहेर शिराळ्यापासून जवळच्या एका गावात. बाप पलटणीतला निवृत्त सुभेदार, उसाची जमीन राखून असलेला. आई वारलेली. एकुलता भाऊ फौजेत, सरहद्दीवर. घरात म्हातारा आणि सून, एवढीच दोन माणसं.

"सनाच्या दिशी माझ्या आबाच्या हातातलं दिंडाचं ताट हिनं वढून घेतलं. साऱ्या आळीच्या बायांनी बगितलं. म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं आन दुपारी कसली गोळी चारली. त्येच्यावर आबा शब्द बोलला न्हाई. हातपाय झाडलं, आन पहाटं गेला."

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"वड्याला पानी. गाडी जाईना. उजाडल्यावर न्यायचं म्हणलं तर कशाला न्यायचं ऱ्हायलं?" मग पदर आवळून पुन्हा म्हणाली, "मी माझ्या बापाला चालता केला व्हता सायेब! गुडघ्यानं उटता येत न्हवतं त्येला. आमच्या सासऱ्याला गुडघ्याच्या गोळ्या हायेत, लय गुनाच्या. त्यातल्या घिऊन आलते. तिसऱ्या दिशी आबा काठी टाकून वड्यापातूर गेला. मी चालता केला, हिनं आडवा केला. भाऊबंद मडं उचलायला बसल्यात. तुमी चला."

आम्ही गेलो. पावसानं उघडीप दिली होती. सोप्यात म्हातारा पलटणीच्या कांबळ्याखाली निजवला होता. पंच बोलावले, प्रेताचा पंचनामा केला. अंगावर जखम नाही, वळ नाही, तोंडाला फेस सुकलेला. भाऊबंद कुरकुरले, पण मी प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

सून चुलीच्या खोलीच्या दारात भिंतीला पाठ लावून बसली होती. लहानखुरी पोर. कोणी तिच्या जवळ बसलेलं नव्हतं. मयताच्या घरात बाया गोळा होतात, गळ्यात पडतात. हिच्याभोवती मोकळी जमीन. चाळीस माणसं अंगणात आणि सगळ्यांची पाठ तिच्याकडं. हे मी आल्याआल्या बघून ठेवलं. पोलिसानं प्रेताइतकंच हेही बघायचं असतं.

"मयताला कोणती गोळी दिली?" मी विचारलं.

ती उठली, फळीवरची तपकिरी बाटली आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "ही. मामंजींची साखर."

बाटली मुद्देमालात घेतली. शवविच्छेदनात पोटात ज्वारीच्या लाह्यांशिवाय काही निघालं नाही. विषाचा वास नाही, खूण नाही. विसेरा, म्हणजे पोटातले अवयव, राखून पुण्याला तपासणीला पाठवला. त्याचा अहवाल यायला किती काळ लागतो ते देव जाणे. तोवर चुलतभावानं अग्नी दिला. फौजेतल्या लेकाला तार गेली.

आमचे फौजदारसाहेब तरुण होते, हुशार होते. म्हणाले, "हवालदार, सरळ केस आहे. साक्षीदार आळीभर आहेत. बाईला अटक दाखवा."

"साहेब, अहवाल येऊ द्या."

"गाव पेटलंय. भाऊबंद रोज येऊन बसतात."

"बसू देत. गावानं सांगितलं म्हणून मी अटक करत नाही."

साहेबांनी टोपी टेबलावर आपटली. मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो. हटवादी म्हणायचे मला. होतोच.

बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा आहे. म्हणून मी त्या घरी गेलो आणि पोलीस पाटलाच्या म्हातारीला शेजारी बसवून सोप्यावरच जबाब घेतला. सुनेला मी दरडावलं नाही. खोटं बोलणारं माणूस दरडावल्यावर सावध होतं आणि खरं बोलणारं गांगरतं. दोन्हींत आपलंच नुकसान.

"सासऱ्याशी भांडण होतं?"

"न्हाई."

पाटलाची म्हातारी मधेच बोलली, "आवं हवालदार, त्यो म्हातारा हिला पोरी म्हणून हाक मारायचा. लेकीला बी अशी हाक न्हवती त्येची. खोटं कशाला सांगू."

"मग ताट का ओढलं?"

"दिंडं पुरनाची. मामंजींना साखरेचा आजार. सांगलीच्या डाक्तरनं बजावलं व्हतं, गोड, भात, कायबी द्यायचं न्हाई. निस्ती भाकरी. सनाचं त्येंच्या तोंडाला पानी सुटलं. मी ताट घेतलं तर मला हसून म्हणलं, 'पोरी, सुभेदार मी का तू गं?'" एवढं सांगताना तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच मोडलं.

"भाकरी दिली?"

पाटलाची म्हातारी म्हणाली, "पंचमीला तवा ठेवत्यात का? इळी धरत न्हाईत, तवा तापवत न्हाईत. तुमी कुठलं वो?"

"शिळी?"

"दात न्हवतं त्येंना. शिळी चावत न्हवती. लाह्या खाल्ल्या, बिनसाखरेचा चा घेतला. सकाळची साखर घेतली, गुडघ्याची गोळी घेतली. दुपारी दरदरून घाम फुटला. मला वळखंनात. मलाच 'जवान, सावधान' म्हणाय लागलं. वन्सं हसल्या, मला वाटलं मामंजी थट्टा करत्यात. मग हात थरथराय लागलं."

"घाम पहिल्यांदाच फुटला?"

"न्हाई. आदल्या दोन दिशी बी फुटला व्हता. येवडा न्हाई. भाकरी खाल्ली की बरं वाटायचं."

मी लिहिता लिहिता थांबलो. "पुन्हा सांग."

"भाकरी खाल्ली की घाम जायचा. सनाच्या दिशी भाकरीच न्हवती, म्हणून मी साखर दिली."

"साखर दिली? चमच्यानं?"

"न्हाई, न्हाई. बाटलीतली. साखरेची गोळी. डाक्तरनंच सांगितलं व्हतं, घाम फुटला, थरथर सुटली, तर लगीच साखर द्या."

मी तिला विचारलं, घरात खरी साखर कुठं असते? तिनं माळ्याकडं बोट केलं. म्हाताऱ्याचा हात लागू नये म्हणून डबा माळ्यावर सरकवला होता. बाटलीला साखर हे नाव म्हाताऱ्यानंच पाडलेलं. "जगाची साखर डब्यात, माझी बाटलीत," असं म्हणायचा. तीन वर्षं त्या घरात साखर आणा म्हटलं की बाटलीच यायची. डॉक्टर म्हणाले साखर द्या, पोरीनं साखर दिली. शब्दाला शब्द.

घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. डोक्यात एकच बसलं होतं. मी विषाची माणसं बघितली आहेत. उंदराचं औषध, पिकावरचं औषध, धोतऱ्याचं बी. भाकरी खाल्ली म्हणून विषाचा घाम गेल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांनी शवविच्छेदन केलं होतं त्या सरकारी डॉक्टरांकडं गेलो. त्यांना भाकरीचं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"हवालदार, म्हातारा या बाटलीशिवाय दुसरं काही घेत होता?"

"गुडघ्याच्या गोळ्या. लेकीनं सासरहून आणलेल्या."

"घेऊन या. आत्ता."

म्हाताऱ्याच्या कोटाच्या खिशात त्या होत्या. पंचांसमक्ष काढल्या आणि नेल्या. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि पाकीट बाटलीशेजारी ठेवलं.

मग म्हणाले, "ही गुडघ्याची गोळी चांगली. ही साखरेची गोळीही चांगली. पण या दोघी एका घरात नांदत नाहीत. साखरेची गोळी रक्तातली साखर उतरवते. तिचं काम झालं की ती अंगातून निघून जायची. ही गुडघ्याची तिला निघू देत नाही. कालची उरते, त्यावर आजची पडते, जोर वाढत जातो. साखर इतकी उतरते की माणसाला घाम फुटतो, भ्रम होतो, झटके येतात. भाकरी पोटात गेली की तेवढ्यापुरतं सावरतं. त्या दिवशी पोट रिकामं होतं."

"आणि वर सुनेनं आणखी एक दिली."

"हो."

"ताटातलं दिंड खाल्लं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते मला विचारू नका. तिनं पथ्य पाळलं. मी असतो तरी तेच सांगितलं असतं, कारण दुसऱ्या गोळीचं मला तरी कोणी सांगितलं असतं?"

"मग मारलं कुणी?"

"कुणी नाही. सांगलीच्या डॉक्टरांना गुडघ्याचं माहीत नव्हतं. मलकापूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली ती दुसऱ्याच माणसाला. लेकीनं मायेनं आणली. तुमच्या कलमांत यातलं काय बसतं बघा."

काही बसत नव्हतं. डॉक्टरांनी लेखी मत दिलं. पुढं कैक महिन्यांनी पुण्याचा अहवाल आला, त्यातही विष निघालं नाही. आकस्मिक मृत्यू म्हणून कागद मिटले. पण ते नंतरचं. त्या दिवशी लेखी मत वाचून साहेब मला म्हणाले, "जिंकलात हवालदार." मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, कारण खरं काम अजून राहिलं होतं.

कागद मिटला म्हणजे गाव मिटत नाही. भाऊबंदांनी ठरवलं होतं, फौजी आला की सुनेला माहेरी घालवायची. काही जण याहून वाईट बोलत होते. लेक तर पाणवठ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. आणि लेकाची उलट तार आली होती, उद्या सकाळच्या गाडीनं कराडला उतरतो. त्याच्या कानावर आधी कोण काय घालणार, यावर त्या पोरीचं नांदणं होतं.

त्याच दुपारी त्या घरी गेलो. लेक आणि सून दोघींना सोप्यावर बसवलं. पाटलाच्या म्हातारीला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, माझ्या भाषेत.

लेक ताडकन उठली. "हिनं काय भुलवलं सायेब तुमाला? माझ्या सासऱ्यानं वरीसभर खाल्ल्यात त्या गोळ्या. त्येला कायबी झालं न्हाई!"

"त्यांना साखरेचा आजार आहे का?"

"न्हाई," ती म्हणाली.

"तुम्ही यायच्या आधी आबांना कधी घाम फुटला होता?"

ती वहिनीकडं बघायला लागली. सुनेनं मान खाली घातली. ती हो म्हणू शकत होती, खोटं बोलून नणंदेला सोडवू शकत होती. तिच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं. पण मी समोर होतो, जबाब झाला होता.

"गोळ्या आणल्यावर फुटला. तिसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो.

लेक हळूहळू खाली बसली. भिजलेली भिंत खचावी, तशी. म्हणाली, "काठी टाकली त्येनं. वड्यापातूर गेला. मला म्हणला, लेकी, पाय दिलंस मला."

पाटलाच्या म्हातारीनं तिला धरायला हात पुढं केला, तर तिनं झिडकारला. सून उठली, आत गेली. मला वाटलं पाणी आणेल. ती आली ती हातात एक वाटी घेऊन, जिच्यात ती मामंजींच्या गोळ्या काढून ठेवायची. ती नणंदेच्या समोर पालथी घालून ठेवली आणि तिच्या शेजारी बसली.

"वन्सं, शेवटची गोळी माज्या हातची," ती म्हणाली. "तुमी एकल्या न्हाई."

मग त्या दोघी ज्या रडल्या ते मी लिहीत नाही. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. गावातली दोनचार माणसं कुंपणापाशी जमली. मी त्यांना म्हटलं, "काय बघताय? कुणी मेलं नाही आता. चला आपापल्या कामाला."

निघताना मी लेकीला म्हणालो, "बाई, फिर्याद तुम्ही साऱ्या गावासमोर दिली. आता खरं सांगायचं तर तेही तुम्हीच सांगायचं. उद्या भाऊ येतोय."

"माज्या तोंडून न्हाई निगनार सायेब."

"निघेल. मी बरोबर येतो."

या केसनं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. आम्ही पोलीस मयताच्या घरी गेलो की वैर शोधतो. जमिनीचं, भावकीचं, बाईचं. त्या घरात मी वैर शोधलं आणि सापडली ती माया. एकीनं गुडघ्यासाठी आणली, दुसरीनं पथ्य पाळलं, म्हाताऱ्यानं थट्टेनं बाटलीला नाव दिलं. कशाला कलम लावायचं? त्यानंतर कुठंही आकस्मिक मृत्यूचा पंचनामा करायला गेलो की पहिलं विचारायचो, या घरात कोणाकोणाची औषधं आहेत, सगळी इथं आणा. माझे शिपाई हसायचे. घरात माझी बायकोही हसायची, कारण कोणी शेजारीण तिला डोकेदुखीची गोळी द्यायला आली तरी मी आडवा यायचो. हसू देत. तुम्हीही, वाचणारे, डॉक्टरकडं जाल तेव्हा आधीची सगळी औषधं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. दुसऱ्याच्या गुणाची गोळी आपल्या बापाला देऊ नका. एवढं या म्हाताऱ्या हवालदाराचं ऐका.

तर, दोघींना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला गणवेश घालून पहिल्या एसटीनं कराडला गेलो. लेक बरोबर होती. पुण्याची गाडी आली. काळी ट्रंक घेऊन फौजी उतरला. बापासारखाच ताठ. बहिणीशेजारी पोलीस बघून त्याच्या हातातली ट्रंक फलाटावर आदळली.

"ती कुठाय?" त्यानं विचारलं.

बहिणीचे ओठ हलले, आवाज येईना. बोलायचं माझ्या जिभेवर होतं, पण ते माझं नव्हतं. मग ती म्हणाली, "दादा, वैनीनं कायबी केलं न्हाई. गोळ्या मी आनल्या."

तो माझ्याकडं वळला. मी मान हलवली. त्या दोघांना ट्रंकेवर बसवलं आणि चहाच्या गाड्याकडं जाऊन पाठ करून उभा राहिलो. मागं काय झालं ते मी बघितलं नाही. घेतलेले तिन्ही चहा निवले, एवढं खरं.

स्टेशनाबाहेर शिराळ्याची एसटी लागली तेव्हा वळलो. फौजीनं बहिणीचा हात धरला होता आणि त्याला दुसऱ्या हातानं ट्रंक उचलता येत नव्हती. गणवेशात असताना मी कधी कोणाचं ओझं उचललं नव्हतं. साहेबांचंही नाही. त्या सकाळी ती ट्रंक मी उचलली, शिडीनं टपावर चढवली, दोरीनं आवळून बांधली, आणि खाली उतरून त्यांच्या पुढच्या बाकावर बसलो.